हास्यचित्रकाराची भेट

कोहिनूर म्हटले की कोणालाही प्रथम तो हिरा आठवतो. आमच्या गावाचे नावही कोहिनूरच आहे. कर्नाटकात, बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यात ते वसले आहे. हिरा लंडनच्या टॉवरमध्ये कडक पहाऱ्यात असतो. आमचे गाव मात्र काळ्या जमिनीवर, तुरी-सोयाबीनच्या शेतांत, उघड्यावर पसरलेले आहे. या गावी मी मुलांना मराठी शिकवते.

२६ जुलै २०२५ रोजी मला ४५ वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी शनिवार होता. शिक्षिकेच्या वाढदिवसात चारचौघांना सांगावे असे काय असणार? परंतु त्या शनिवार-रविवारी मला एक मोठे हास्यचित्रकार भेटले. ते आमच्या गावी आले नाहीत, आणि मीही त्यांच्या गावी गेले नाही. तरी भेट झाली, आणि त्या भेटीने माझी एक चूक माझ्या पदरात घातली. ती चूक आपल्याला सांगावी, एवढ्यासाठीच आज मी बोलायला बसले आहे.

आमच्या वर्गाची थोडी ओळख आधी करून दिली पाहिजे. हा मुलूख पूर्वीच्या हैदराबाद राज्यातला. १९५६ साली तो म्हैसूर राज्यात आला, आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. सरहद्द नकाशावर एका रेघेने आखता येते, परंतु माणसांच्या जिभा त्या रेघेपाशी थांबत नाहीत. शाळा मराठी माध्यमाची असली तरी माझ्या वर्गात घरी मराठी बोलणारी मुले आहेत, कन्नड बोलणारी आहेत, उर्दू बोलणारी आहेत, आणि जवळच्या तांड्यावरून येणारी बंजारा मुलेही आहेत. त्यांच्या घरची बोली गोरमाटी. मधल्या सुट्टीत गोट्या खेळताना या साऱ्या भाषा एकमेकींत मिसळतात आणि कोणाचे काही अडत नाही. घंटा झाली, मी वर्गात शिरले, की मात्र एकच भाषा उरते, आणि तीही शुद्धच असली पाहिजे असा माझा आग्रह असतो.

चौथीच्या वर्गात शेवटच्या बाकावर तांड्यावरचा एक मुलगा बसत असे. मुलगा अबोल. प्रश्न विचारला तर उभा राही, खाली पाही, आणि पुन्हा बसे. वही अर्धी कोरी. त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी “वर्गात लक्ष नाही” असा शेरा लिहून मोकळी झाले होते. शिक्षकाला असे शेरे फार लवकर सुचतात.

शुक्रवारी, म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मी फळ्यावर शुद्धलेखन लिहीत होते. मागून खसखस पिकली. वळून पाहते तो एक कागद बाकाबाकांवरून फिरत होता. मी तो हिसकावून घेतला. पाहिले तर त्यावर मीच होते. नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा, ताठ मान, हातात खडू, आणि तोंड तर एवढे मोठे उघडलेले की त्यात एक भोपळा सहज मावावा. तोंडातून मुळाक्षरांचा लोंढा बाहेर पडत होता. “कोणी काढले हे?” सगळ्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या.

मी त्या कागदाचे दोन तुकडे केले. “चित्रे काढण्यापेक्षा दोन ओळी शुद्ध लिहिल्या असत्यास तर बरे झाले असते,” असे काहीसे बोललेही. माझे शब्द त्याला कितपत कळले कोण जाणे. कागद फाटल्याचा आवाज मात्र त्याला नीट कळला. त्याचा चेहरा अगदी कोरा झाला. मी ते तुकडे हजेरीपटात खुपसले आणि पुढचा शब्द फळ्यावर लिहिला.

शनिवारी सकाळची शाळा. मुलांनी जास्वंदीची फुले आणून टेबल भरून टाकले. शाळा सुटताना त्या मुलाचे वडील ओसरीवर येऊन उभे राहिले. “बाई, पोराचा दाखला पाहिजे,” ते म्हणाले. “आम्ही पुण्याला बांधकामावर चाललो. पोराला बी संगं नेतो. इथं काय शिकतंय ते? तोंडसुद्धा उघडत नाही.”

दाखला मुख्याध्यापक देतात, तुम्ही सोमवारी या, असे मी त्यांना सांगितले. ते गेले. आणि श्रोतेहो, खरे सांगायचे तर त्यांची पाठ वळताच मला सुटल्यासारखे वाटले. वर्गातला एक कठीण मुलगा आपोआप कमी होणार होता.

दुपारी सोलापूरहून माझे थोरले बंधू आले. दरवर्षी या दिवशी दादा येतो. आईच्या पश्चात माझा वाढदिवस लक्षात ठेवणारा तोच. पाऊस लागलेला, म्हणून त्याने आपली भेट प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून आणली होती. एक होते गणिताचे जुने पाठ्यपुस्तक, पुठ्ठा गेलेले, कडा कुरतडलेल्या. ते आईच्या ट्रंकेत सापडले म्हणे. दुसरी एक गुंडाळी होती, एका जुन्या मुखपृष्ठाची मोठी छपाई. दोन्हींतली चित्रे एकाच हातची होती. “मंगळवारी फडणिसांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होतात. तुझा वाढदिवस आणि त्यांचा, यांत तीनच दिवसांचे अंतर,” दादा म्हणाला.

शि. द. फडणीस हे नाव मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. त्यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला. म्हणजे ते सीमाभागाचेच. शिक्षण कोल्हापूरला व पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत, आणि कर्मभूमी पुणे. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ व ‘मोहिनी’ या मासिकांतून त्यांची रंगीत चित्रे घरोघर गेली. ‘मोहिनी’ची मुखपृष्ठे तर त्यांनी वर्षानुवर्षे सजवली. ‘हसरी गॅलरी’ हे त्यांचे प्रदर्शन, ‘चित्रहास’ हा त्यांचा प्रात्यक्षिकांसह कार्यक्रम, या गोष्टी जुन्या पिढीच्या स्मरणात आहेत. त्यांच्या चित्रांचे मोठे वैशिष्ट्य असे की बहुतेक चित्रांखाली एकही शब्द नसतो. राजकीय व्यंगचित्र कोणाला तरी टोचते. ते ज्याला टोचते त्याचे नाव माहीत नसेल तर त्याची गंमत जाते. फडणिसांचे हास्यचित्र कोणाला टोचत नाही, आणि त्याची मौज कळण्यासाठी कोणाचे नाव माहीत असावे लागत नाही. फक्त पाहावे लागते.

आमच्या घरी ते आले गणिताच्या वाटेने. महाराष्ट्रात १९६७ साली ‘बालभारती’ स्थापन झाली, आणि पुढच्या दशकात तिने प्राथमिक वर्गांच्या गणिताच्या पुस्तकांसाठी फडणिसांकडून चित्रे काढून घेतली. आकड्यांच्या रुक्ष पानांत हसू आणण्याची कल्पना त्या काळी धीटच म्हटली पाहिजे. दादा त्या पुस्तकातून शिकला. आम्ही तेव्हा अहमदनगर जिल्ह्यात होतो. आज त्या जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात. आई प्राथमिक शिक्षिका होती. मला अजून अक्षरे येत नव्हती, तेव्हा दादाचे पुस्तक माझ्या मांडीवर देऊन ती भाकरी थापायला बसे आणि म्हणे, “आधी बघ, मग सांग.” मी पाही, हसे, आणि जे दिसेल ते सांगे. सांगितलेले चुकले असे ती कधी म्हणाली नाही.

त्या दुपारी ते पुस्तक चाळताना माझ्या ध्यानात आले की मला अक्षर कळण्याआधी चित्र कळले होते. हा विचार मनात आला खरा, पण तो शेवटच्या बाकापर्यंत जाऊन पोहोचला नाही. पोहोचवला दादाने.

रात्री जेवणानंतर मी हजेरीपट पुरा करीत बसले होते. त्यातून ते दोन तुकडे खाली पडले. दादाने उचलले, कंदिलासारख्या मंद दिव्याखाली टेबलावर जोडून पाहिले, आणि तो मोठमोठ्याने हसू लागला. “अगं, हुबेहूब तूच आहेस. आणि या छत्र्या काय नामी सुचल्या आहेत त्याला!”

“कसल्या छत्र्या?” मी विचारले.

त्याने बोट ठेवून दाखवले. अक्षरांचा लोंढा बाईंच्या तोंडातून निघून पावसासारखा वर्गावर कोसळत होता, आणि बाकांवरची मुले छत्र्या उघडून त्याखाली बसली होती. ही सारी मौज कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात होती. मी शुक्रवारी तो कागद हाती घेतला, तेव्हा त्यात फक्त माझे तोंड पाहिले होते. बाकीचे चित्र मी पाहिलेच नव्हते. “वर्गात लक्ष नाही” हा शेरा नेमका कोणाच्या पुस्तकावर पडायला हवा होता?

झोप लागेना. आर. के. लक्ष्मण यांच्या बालपणाविषयी वाचलेले आठवू लागले. म्हैसूरच्या शाळेत त्यांनी पिंपळाचे पान काढले. शिक्षकांनी त्याची तारीफ केली, आणि आपण चित्रकार आहोत असे त्या मुलाला तेव्हापासून वाटू लागले. हाच मुलगा घरच्या भिंती आणि दारे रंगवीत असे, आणि वर्गात बसून शिक्षकांचीच वेडीवाकडी चित्रे काढीत असे. पुढे त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश मागितला. तेथे लागणारी गुणवत्ता त्यांच्या चित्रांत नाही, असे उत्तर देऊन प्रवेश नाकारण्यात आला. एका शिक्षकाला पिंपळाच्या पानात जे दिसले, ते मोठ्या कलाशाळेला चित्रांच्या गठ्ठ्यात दिसले नाही. आणि त्याच लक्ष्मणनी मुंबईला ‘टाइम्स ऑफ इंडिया’त जो सामान्य माणूस अजरामर केला, त्याने सर्व काही पाहिले, पण तो बोलला मात्र कधीच नाही. त्याला माझ्या वर्गात बसवले असते, तर त्याच्याही प्रगतिपुस्तकावर मी तोच शेरा लिहिला असता.

लक्ष्मण यांनाही लहानपणापासून एका व्यंगचित्रकाराचे वेड होते. ते म्हणजे डेव्हिड लो, न्यूझीलंडात जन्मलेले आणि लंडनच्या वृत्तपत्रांतून जगभर गाजलेले. मद्रासच्या ‘हिंदू’ पत्रात लो यांची चित्रे येत. छोट्या लक्ष्मणला त्यांची इंग्रजी सही नीट लागत नसे; तो ती ‘काऊ’, म्हणजे गाय, अशी वाची. ज्याच्या चित्राने आपण वेडे झालो त्याचे नाव गाय आहे, असे त्याला कितीतरी दिवस वाटत होते. पुढे १९५२ साली लो मुंबईला आले आणि लक्ष्मणना भेटले. ही भेट व्यंगचित्रांच्या इतिहासात नोंदली गेली आहे. परंतु मला वाटते, त्यांची पहिली भेट म्हैसूरच्या घरात, वर्तमानपत्राच्या पानावर, सही चुकीची वाचली तेव्हाच झाली होती. नाव वाचता आले नाही म्हणून चित्र वाचायचे राहिले नव्हते.

रविवारी सकाळची प्रार्थना घरीच आटोपली. पापाची कबुली देण्याची सवय आम्हांला लहानपणापासून असते. त्या दिवशी मात्र कबुली द्यायची ती देवापुढे नव्हती, चौथीच्या मुलांपुढे होती, आणि ते अधिक अवघड वाटत होते. मुले दुपारी खाऊला येणार होतीच. दादाने सोलापूरची शेंगापोळी आणली होती. तांड्यावरच्या त्या मुलालाही मी मुद्दाम निरोप धाडला. तो आला, पण आत आला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

मी काही न बोलता ते मुखपृष्ठ भिंतीला टाचले. १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतले, ‘मोहिनी’वरचे, फडणिसांचे अतिशय गाजलेले चित्र. एक तरुण व एक तरुणी शेजारी उभी आहेत. एकाच्या वस्त्रावर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या वस्त्रावर उंदरांची. माणसे अपरिचित, पण कपड्यांवरच्या प्राण्यांची मात्र जुनी ओळख! मी एरवी लगेच समजावू लागले असते. त्या दिवशी तोंड मिटून उभी राहिले.

क्षणभर शांतता. मग एक हसू ऐकू आले, आणि ते दाराकडून आले. तो मुलगा हसत होता. त्याने बोटाने आधी मांजरे दाखवली, मग उंदीर, आणि हातांनी झडप घातल्याची खूण केली. तेवढ्याने सारी खोली हसू लागली. कोणी मांजर म्हणाले, कोणी बेक्कु, कोणी बिल्ली. “तुमच्याकडे काय म्हणतात?” मी त्याला विचारले. त्याने आपल्या बोलीतला शब्द सांगितला. मला तो नीट उच्चारता येईना. त्याने पुन्हा सांगितला, माझा उच्चार सुधारला, आणि मुलांना त्या गोष्टीचे इतके हसू आले की दोघांच्या हातची पोळी खाली पडली. वर्षभरात प्रथमच तो माझ्याशी बोलत होता, आणि बोलत होता तो माझा शिक्षक होऊन.

मग मी ते दुसरे चित्र पुढे आणले. रात्रीच मागून कागदाची पट्टी लावून ते सांधले होते. सांधलेली रेघ दिसत होती. ती झाकता येण्यासारखी नव्हती. “हे मी फाडले,” मी म्हणाले, “आणि नीट पाहिल्यावाचून फाडले. माझे चुकले.” मुले एकमेकांकडे पाहू लागली. बाईंचे चुकते, हे त्यांना ठाऊक असते. बाई ते सांगतात, हे नवीन होते. मी त्याला चित्र हातात धरून उभे राहायला सांगितले. तेव्हा उजेडात मला आणखी एक गोष्ट दिसली, जी दादालाही दिसली नव्हती. सर्व मुलांच्या डोक्यावर छत्र्या होत्या. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाजवळ मात्र छत्री नव्हती. सगळी अक्षरे त्याच्या अंगावर पडत होती.

त्याविषयी मी त्याला काही विचारले नाही. विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

संध्याकाळी पाऊस उघडला, तेव्हा दादाला बरोबर घेऊन मी तांड्यावर गेले. मुलाच्या वडिलांनी बाज टाकली. मी चित्र त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उलटसुलट केले, मग माझ्याकडे पाहिले, पुन्हा चित्राकडे पाहिले, आणि एकदम हसू फुटले तसा तोंडावर हात घेतला. बाईंसमोर हसावे की हसू नये, असा त्यांना प्रश्न पडला असावा. मी हसले, तेव्हा तेही मोकळेपणी हसले.

मी म्हणाले, “दाखला घ्यायला तुम्ही उद्या या, मी अडवणार नाही. पण मुलगा काही शिकत नाही, असे समजून त्याला नेऊ नका. तो काय शिकतो ते मला दिसले नव्हते.” तो मोठा चित्रकार होईल, असे मी म्हणाले नाही. असे वचन देण्याचा अधिकार कोणा शिक्षकाला नाही, आणि बांधकामावर राबणाऱ्या बापापुढे ते बोलणे शोभलेही नसते. ते बराच वेळ गप्प राहिले. पोराला मागे ठेवायचे म्हणजे त्याच्याकडे कोण पाहणार, ही त्यांची अडचण खरी होती. आत चुलीपुढे बसलेली म्हातारी आपल्या बोलीत काही तरी म्हणाली. ते मला कळले नाही. मुलाने मराठीत सांगितले, “आजी म्हणते, ऱ्हाऊ दे माझ्यापाशी.”

सोमवारी ते दाखल्यासाठी आले नाहीत. पुढच्या आठवड्यात नवराबायको पुण्याला गेली, आणि मुलगा त्या वर्षापुरता आजीजवळ राहिला. पुढचे पुढे. स्थलांतराचा प्रश्न एका चित्राने सुटत नाही, हे मला कळते. दरवर्षी आमच्या भागातली कितीतरी मुले अशी आईबापांमागे निघून जातात, आणि त्यांतल्या कोणाच्या वहीत काय होते हे पाहायचे राहूनच जाते.

मंगळवारी, २९ जुलैला, फडणिसांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली, त्या दिवशी आम्ही दोन्ही चित्रे वर्गात शेजारीशेजारी लावली. फडणिसांची समक्ष भेट मला कधी घडली नाही. परंतु भोजला जन्मलेल्या त्या चित्रकाराने कोहिनूरच्या एका खोलीत चार भाषांच्या मुलांना एकाच क्षणी हसवले, आणि ४५ वर्षांच्या एका शिक्षिकेला आईचे जुने वाक्य पुन्हा शिकवले: आधी बघ. याहून निराळी भेट ती कोणती असते?

तो मुलगा अजून फारसा बोलत नाही. शुद्धलेखनातल्या चुकाही काही संपल्या नाहीत. मी त्या दाखवते आणि तो सुधारतो. आठवड्यातून एक तास मी फळ्यावर काही न लिहिता एखादे चित्र टाचते आणि गप्प बसते. मुले आपापल्या भाषेत बोलतात, आणि मग आम्ही ते मराठीत लिहितो. मध्यंतरी त्याने माझे आणखी एक चित्र काढून आणले. चष्मा तसाच नाकावर होता, तोंडही उघडेच होते. पाऊस मात्र थोडा ओसरलेला दिसला, आणि शेवटच्या बाकावर एक छत्री होती.